पूर्वीसारखा होईल का?

मित्रहो, मेंदूला जबर मार बसलेला माणूस शुद्धीवर आला, की घरचे लोक डॉक्टरांना विचारतात, "हा पूर्वीसारखा होईल ना?" प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे, की बरं होणं म्हणजे गेलेलं जसंच्या तसं परत मिळणं. आज हे गृहीतक तपासून पाहू.

इजा किती मोठी हे ठरवायला डॉक्टर 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तिन्हींना गुण देतात. एकूण गुण ३ ते १५. आठ किंवा त्याहून कमी असले, तर इजा गंभीर. पण पुढं हा माणूस कसा जगेल, हे एवढ्या एका आकड्यावरून ठरत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. झासेत्स्की नावाचा तरुण रशियन सैनिक. १९४३ साली लढाईत गोळी त्याच्या डोक्यात, डाव्या बाजूला मागच्या भागात शिरली. त्याला उजवीकडचं दिसेना, अक्षरं ओळखता येईनात. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांत फरक काय, हे उमगेना. का? शब्द कळायचे, पण त्यांना जोडणारं नातं हातातून निसटायचं. मेंदूचा पुढचा भाग मात्र शाबूत होता. म्हणजे हेतू धरणं, चिकाटीनं मागं लागणं, आपलं काय गेलंय ते जाणणं, हे सगळं शिल्लक होतं.

त्याच्यावर काम केलं अलेक्झांडर लूरिया या मानसशास्त्रज्ञानं. लूरियाचं म्हणणं असं, की लिहिण्यासारखं काम मेंदूच्या एकाच कोपऱ्यात होत नाही, अनेक भाग मिळून ते करतात. एक वाट बंद झाली, तर त्याच मुक्कामाला दुसऱ्या वाटेनं जाता येतं. झासेत्स्की एकेक अक्षर आठवून लिहू पाहायचा आणि अडायचा. मग त्याला सांगितलं गेलं, हात न उचलता अख्खा शब्द झरकन लिही. आणि बघा, हात लिहू लागला! डोळ्यांना न आठवणारं अक्षर हाताच्या सवयीत टिकून होतं.

पुढं सुमारे २५ वर्षं तो लिहीत राहिला. जवळजवळ तीन हजार पानं झाली. स्वतःचं लिहिलेलं वाचणं मात्र त्याला शेवटपर्यंत जड गेलं, आणि सुटलेलं शिक्षणही पुन्हा धरता आलं नाही. तेव्हा तो 'पूर्वीसारखा' झाला का? नाही झाला.

इथं आमच्या तत्त्वज्ञानाचा संबंध येतो. जॉन लॉकनं माणसाची ओळख स्मृतीशी बांधली. कालचं आठवतं, म्हणून मी तोच. मग स्मृतीच्या चिंध्या झाल्या तर माणूस उरला की नाही? पण माझं काही हरवलंय असं म्हणत ते शोधणारा कुणीतरी तिथं होताच ना! लॉकच्या व्याख्येत तो नीट बसत नाही, एवढंच.

म्हणून घरच्यांनी प्रश्न थोडा बदलावा. "याचं काय शाबूत आहे, आणि त्याच्या आधारानं कुठवर जाता येईल?" नाव आठवत नसेल, पण गाण्याची चाल येत असेल. बोलणं अडत असेल, पण भाकरी थापता येत असेल. व्यायाम, वाचा-उपचार, रोजचा ठरलेला क्रम, सगळं तिथून सुरू करता येतं. याला महिने लागतात, कधी वर्षंही. जुन्या माणसाची वाट बघत बसलो, तर समोर धडपडणाऱ्याकडं आपलं लक्षच जात नाही. आणि त्याला आज आपली गरज आहे.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.