परदेशातला पहिला हिवाळा

उदगीरहून जर्मनीला शिकायला निघालेल्या पोराची बॅग घरचे कशी भरतात, हे आपल्याला माहीत आहे. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काराळ्याची चटणी, लोणच्याची बरणी. फी, व्हिसा, बँकेचं खातं, सगळ्याची चौकशी झालेली असते. पण तिसऱ्या महिन्यात फोनवर त्याचा आवाज उतरतो, त्याची तयारी कुणी करून दिलेली नसते. 'काय झालं रे?' म्हटलं की तो 'काही नाही' म्हणतो, आणि त्याला खरंच सांगता येत नसतं.

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दि जानेरोत दिलेल्या भाषणात या अवस्थेची नीट मांडणी केली. 'कल्चर शॉक' हा शब्द त्यांच्यामुळे रुळला. नाव धक्क्याचं असलं तरी हा धक्का एकदम बसत नाही. रोजच्या ओळखीच्या बारीक खुणा हरवतात आणि त्यातून अस्वस्थता साचत जाते, असं ते सांगतात.

या खुणा म्हणजे काय, ते घरातच बघा. पाहुणा जेवायला पहिल्यांदा 'नको' म्हणतो, आपण आग्रह करतो, मग तो पानावर बसतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. जर्मन घरात एकदा 'नको' म्हटलं की ते 'नको'च धरतात. त्यात तुटकपणा नसतो, तुमच्या शब्दाला दिलेला मान असतो. पण आपलं पोर उपाशी उठतं आणि माणसं कोरडी आहेत असं समजतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानात परत दिली की तिचे २५ सेंट मिळतात. यातलं काहीच अवघड नाही. पण गावात जे हात आपोआप करतात, ते तिथे दर वेळी ठरवून करावं लागतं. म्हणून अंगमेहनत न करताही संध्याकाळी माणूस गळून जातो.

त्यात अंधार. डिसेंबरात उदगीरला दिवस अकरा तासांचा असतो, तर बर्लिनमध्ये साडेसात तासांचा. सूर्य चारच्या आत मावळतो. झोप बिघडते, चिडचिड होते, त्या देशाचं सगळंच वाईट दिसू लागतं आणि आपल्या माणसांत बसून त्याला नावं ठेवण्यात वेळ जातो. यांतली काही लक्षणं ओबर्ग यांनीही नोंदवली आहेत. पाण्याची नको तेवढी काळजी आणि सारखे हात धुणंसुद्धा त्यांच्या यादीत आहे.

हे किती दिवस चालतं? अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांशी बोलून स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये लिहिलं की सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे होते; मधल्या काळातले जास्त अडखळले. मात्र हे वेळापत्रक समजू नये. न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांच्या पुढच्या एका अभ्यासात अगदी सुरुवातीचे दिवसच सर्वांत जड निघाले.

आनंदीबाई जोशी १८८३ साली जहाजाने अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. थंडीच्या फिलाडेल्फियात साडी सोडली नाही, शाकाहारही सोडला नाही. पण शिक्षण त्या देशाचं, त्या भाषेत घेतलं आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आपलं काय ठेवायचं आणि त्यांचं काय शिकायचं, हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. त्यांच्या पाठीशी तिथल्या थिओडिसिया कार्पेंटर यांचं घर होतं, हेही विसरू नये. तिथलं एक घर आपलं झालं की अर्धी वाट सरते, असं मला वाटतं.

म्हणून पोराने पहिल्या महिन्यातच तिथल्या एका तरी माणसाशी ओळख करावी आणि न लाजता विचारावं, 'इथे हे कसं करतात?' आठवड्याला एक-दोन रीती पक्क्या झाल्या तरी पुष्कळ. जर्मनमध्ये 'झी' आणि 'डू' असा भेद आहे, तो आपल्या 'तुम्ही' आणि 'तू'सारखाच, तेव्हा मराठी माणसाला तो चटकन उमगतो. शिवाय उदगीरच्या बाजारात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू ऐकत वाढलेल्या कानाला परकी भाषा अगदीच परकी नसते. दिवसा उजेडात फिरणं आणि एक वेळचं घरचं जेवण, हे दोन्ही नेमाने सांभाळावं. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे उडालेली राहिली, तर मात्र विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जावंच. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी अशी सोय असते, आणि तिथे जाण्यात कमीपणा नाही.

घरच्यांसाठीही एक काम आहे. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असतं. आपल्या रात्री नऊला तिथे साडेचार, नुकताच अंधार पडलेला. ती वेळ ठरवून घ्यावी, पण तासातासाला फोन करू नये. सारखं इथलंच ऐकत बसला तर तिथे पाय रोवायला त्याला फुरसत राहत नाही. आपला वेळ अमावास्येचा सण मात्र चुकवू नका. मार्गशीर्षातली ही अमावास्या नेमकी त्या काळोख्या दिवसांत येते. शेतातून व्हिडिओ कॉल लावा, भज्जी आणि आंबिलाचं माप सांगा आणि तिथल्या मित्रांना जेवायला बोलव म्हणावं. त्यांना आग्रह कसा करायचा, ते त्याला येतंच.