जवसाचं तेल आणि मधमाशीचं मेण

हैदराबादच्या मलकपेठेतला महबूब मॅन्शन हा महाल सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खान (1866-1911) यांच्या नावाचा. आज तो मोडकळीला आला आहे. त्याच निजामाचं कपड्यांचं कपाट मात्र पुरानी हवेलीत अजून उभं आहे. दोन मजली, हवेलीच्या एका बाजूची सगळी लांबी व्यापणारं, आणि वरच्या कप्प्यांपर्यंत जायला हातानं फिरवायची लाकडी लिफ्ट! शंभराहून अधिक वर्षांचं हे काम पाहिलं की आपल्या घरातली दारं-चौकटी आठवतात.

हैदराबादचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पाठोपाठ पावसाची दमट हवा येते. लाकूड आकसतं, फुगतं. वर बसलेला वॉर्निशचा जाड थर तडकतो, पापुद्रे सुटतात आणि अख्खं दार खरवडावं लागतं. तेल मात्र लाकडात मुरतं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं.

कोणतंही तेल मात्र चालत नाही. खोबरेल वाळत नाही. लाकूड चिकट राहतं, धूळ धरतं. हवं जवसाचं. मराठवाड्यात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात, तेच जवस. हवेतला ऑक्सिजन घेऊन हे तेल घट्ट होतं. कच्चं तेल त्याला कित्येक दिवस लावतं. दुकानातल्या ‘उकळलेल्या’ तेलात वाळवणारी द्रव्यं असतात, म्हणून ते साधारण दिवसभरात वाळतं. ते खाण्याचं नव्हे.

आधी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं पॉलिशपेपर मारावा, धूळ पुसावी. सागवान मुळातच तेलकट, म्हणून त्यावर थिनरचं फडकं फिरवावं. मग सुती कापडानं तेलाचा पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून काढावं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं, कारण पुसायचं जिवावर येतं. दुसऱ्या दिवशी बोट चिकटलं तर थांबावं. असे तीन हात पुरतात.

मेण सर्वांत शेवटी. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा 80 च्या पुढे. उष्ण गावात दोन्हींचं मिश्रण बरं.

आणि तेलाची फडकी! वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. फिलाडेल्फियातल्या 38 मजली वन मेरिडियन प्लाझाला 1991 मध्ये अशाच फडक्यांमुळे आग लागली. तीन अग्निशामक जवान गेले. काम संपल्यावर फडकी बोळा करून टाकू नका. मोकळ्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.