आधी काचपट्टी, मग भिंग

खरिपाची ज्वारी दाण्यात आली आणि परतीच्या पावसानं आठ दिवस मुक्काम ठोकला, की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब भागात घराघरात एकच बोलणं ऐकू यायचं, ‘हायब्रीड काळी पडली.’ सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ सालचा. त्यानं कणग्या भरल्या हे खरं. पण तो गावरान ज्वारीच्या आधी पिकायचा आणि नेमका पावसात सापडायचा. पांढराशुभ्र दाणा आठवड्यात काजळी धरायचा. आमचे आण्णा असा दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसायचे. भाव पडणार हे त्यांना कळायचं. दाण्याला नेमकं काय झालंय, ते कळायचं नाही.

मला ते कळलं १९७३ साली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी औरंगाबादला बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं आणि घरून येताना पिशवीच्या तळाशी मूठभर काळी ज्वारी आणली होती. सुईच्या टोकानं दाण्यावरची बुरशी खरवडली, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगाच्या थेंबात सोडली, कव्हरस्लिप एका कडेनं हळूच टेकवली. पाहतो तर काजळीच्या जागी होड्या. तपकिरी, एका अंगाला वाकलेल्या, चार कप्प्यांच्या, मधला एक कप्पा फुगून इतरांहून गडद झालेला. कर्व्ह्युलेरिया. पुढच्या सुट्टीत ती स्लाइड मी घरी नेली. दाखवायला मायक्रोस्कोप नव्हता, म्हणून वहीत चित्र काढून आण्णांना दाखवलं. ते म्हणाले, “म्हंजी ही जिवंत हाय तर.”

पन्नास वर्षांत पाहिलेल्या, केलेल्या आणि शिकवलेल्या सूक्ष्मदर्शनाचा आढावा घ्यायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा आण्णांचं हे वाक्यच आठवलं. माझं मत तेव्हा बनलं आणि आजही तेच आहे. दिसणं हे भिंगावर जेवढं अवलंबून असतं, त्याहून अधिक काचपट्टी करणाऱ्या हातावर असतं. ‘किती पटींचा आहे?’ हा मायक्रोस्कोपबद्दल विचारला जाणारा पहिला प्रश्न मला म्हणूनच खटकतो. जाड काप, थेंबात अडकलेले हवेचे बुडबुडे आणि ओघळलेला रंग यांना हजार पटींनी मोठं केलं तर हजार पटींचा चिखल दिसतो.

इतिहासाची सुरुवात सगळे लेवेनहुकच्या भिंगापासून करतात. डेल्फ्टचा हा कापडाचा व्यापारी एकाच मण्याएवढ्या भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जीव पाही, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या हाताबद्दल मात्र कोणी शिकवत नाही. त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांबरोबर छोट्या पुड्या पाठवल्या होत्या. अभ्यासक ब्रायन फोर्ड यांना त्या १९८१ साली सोसायटीच्या दप्तरात जशाच्या तशा सापडल्या. आत होते वस्तऱ्यानं घेतलेले बुचाचे, एल्डर झाडाच्या भेंडाचे आणि कपाशीच्या बियांचे काप. तीनशे वर्षांनंतरही ते भिंगाखाली ठेवण्याजोगे पातळ निघाले. ज्वारीच्या वाळल्या धाटातलं भेंड चिरून त्यात पान धरायचं आणि ब्लेडनं काप घ्यायचे, हे मी पोरांना शिकवत आलो. सरकीचा काप घेणारा तो व्यापारी मला आमच्याच भागातला वाटतो.

पुढचा युरोप भरभर ओलांडू. १८६५ साली लंडनमध्ये हौशी मंडळींचा क्वेकेट मायक्रोस्कोपिकल क्लब निघाला, तो अजून चालू आहे. डायटम म्हणजे काचेच्या डब्यात राहणारं एकपेशीय शैवाल; जर्मनीत मोलर यांनी एकेका काचेवर शेकडो डायटम नक्षीसारखे मांडले. कॅनडा बाल्सम हा राळेचा रस काचेइतकाच प्रकाश वळवतो म्हणून स्लाइड चिरकाल टिकवायला वापरात आला. आपल्याकडे हे सगळं कॉलेजच्या प्रयोगशाळांतून आलं; अंबाल्याच्या कारखान्यांनी मायक्रोस्कोप आवाक्यात आणले आणि तालुक्याच्या शाळांतही एकेक पेटी पोचली.

महाराष्ट्रात या विद्येचं एक घर पुण्यात आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळ मालवणचे. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडतो, हे त्यांनी तरुणपणी दाखवलं आणि १९४६ साली संस्था उभारली. ती आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. ह. पृ. गांधींनी कोल्हापूर आणि सह्याद्रीच्या परिसरातले डायटम वर्षानुवर्षं गोळा करून कितीतरी नव्या जाती नोंदवल्या.  आमच्याकडे हातलाई तलावाच्या कडेचा किंवा नळदुर्गला बोरी नदीतला बुळबुळीत तपकिरी दगड टूथब्रशनं घासला की डायटम हजारोंनी मिळतात.

डायटमवाली मंडळी माझे मित्र आहेत. त्यांच्याशी माझं भांडण एवढंच, की सूक्ष्मदर्शनाची खरी परीक्षा डायटमवरच्या रेघोट्या स्पष्ट दिसण्यात आहे, असं ते मानतात. ती परीक्षा भिंगाची होते. आमचा जिल्हा पाण्याचा नाही. उन्हाळ्यात तलावाचा तळ भेगाळतो, टँकर येतात. वर्षाचे बाराही महिने आमच्याकडे काय भरपूर असतं? हवा आणि धूळ. त्यांच्याच अभ्यासाची परंपरा आमच्या विद्यापीठात रुजली, याचा मला अभिमान आहे.

डॉ. एस. टी. टिळकांनी मराठवाडा विद्यापीठात हवेतले परागकण आणि बुरशीचे बीजाणू यांच्या अभ्यासाची परंपरा घातली. १९७० साली टिळक आणि कुलकर्णी यांनी हवेचे नमुने घेणारं यंत्र प्रसिद्ध केलं, ते ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून ओळखलं जातं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पत्र्याच्या साध्या पेटीपलीकडे काही वाटलं नव्हतं. आत पंखा, एका बारीक तोंडातून हवा ओढणारा. त्या तोंडासमोर घड्याळाच्या गतीनं फिरणारा ड्रम आणि ड्रमवर व्हॅसलीन लावलेली सेलोफेनची पट्टी. आठ दिवसांत ड्रमचा एक फेरा पूर्ण होई. मग पट्टी उतरवून दिवसागणिक तुकडे करायचे आणि ग्लिसरिन जेलीत बसवायचे. पट्टीवर पुढं सरकत जाल तसा काळ सरकतो. पहाटे काय उडालं, दुपारच्या उन्हात काय, पाऊस पडून गेल्यावर काय, ते त्या पट्टीवरून वाचता येतं. हवेची रोजनिशीच ती.

एवढं यंत्र घरी कुणाकडे असणार? पण त्याची धाकटी बहीण प्रत्येकाच्या गच्चीवर ठेवता येते. काचपट्टीला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा आणि वरून पाऊस लागणार नाही अशा पत्र्याच्या आडोशाला चोवीस तास आडवी ठेवायची. अमेरिकेत डरहॅम यांनी १९४६ साली रूढ केलेली पद्धत ती हीच. जेली घरी होते. जिलेटिन एक भाग, पाणी सहा भाग, ग्लिसरिन सात भाग, टिकण्यासाठी किंचित फिनॉल, आणि परागकण गुलाबी दिसावेत म्हणून बेसिक फुक्सिनचा एखादा कण. मंद आचेवर विरघळवायची, उकळू द्यायची नाही. उकळली की जिलेटिनची पकड जाते, आणि ढवळताना घाई केली की बुडबुडे राहतात. गहूभर जेली पट्टीवर ठेवून खालून ऊब द्यायची, वितळली की कव्हरस्लिप तिरकी टेकवून सोडायची, कडा नेलपॉलिशनं बंद करायच्या. हे मी शेकडो पोरांना शिकवलं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात हात बसतो.

मग वर्ष उलगडायला लागतं. पाऊस पडून गेला की ओल्या हवेत सोडले जाणारे पारदर्शक बीजाणू येतात. भाद्रपदात गवतांचे गोल, गुळगुळीत, एकाच भोकाचे परागकण. आश्विनात सोयाबीनची रास चालू झाली की आल्टर्नेरिया या बुरशीच्या बीजाणूंची गर्दी, गदेसारखा आकार आणि अंगावर आडव्या-उभ्या भिंती. पौषात रब्बी ज्वारी फुलोऱ्यात आली की तिचा पराग. अधूनमधून एक बारीक काटेरी चेंडू येतो, तो गाजर गवताचा. हे गवत १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि बांधाबांधावर पोचलं. त्यानं कुणाच्या अंगाला खाज सुटते, कुणाला दम लागतो. ज्याला त्रास होतो त्याला तो चेंडू एकदा दाखवावा. आपल्या दुखण्याचा चेहरा पाहिल्यावर माणूस फुलं येण्याआधी गवत उपटायला लागतो, हे मी पाहिलं आहे.

फुलांवरून थेट घेतलेल्या परागांचं वैभव वेगळंच. जास्वंदाचा कण एवढा मोठा आणि काटेरी, की साध्या भिंगातही टिपता येतो. लाजाळूचे कण चौघे चौघे मिळून राहतात. बाभळीचे सोळा-सोळा, कधी त्याहून जास्त, एका गठ्ठ्यात बांधलेले. बाभळीचा तो गठ्ठा पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला झोप आली नव्हती. रोज जिच्याखाली बैल बांधायचे, तिच्या पिवळ्या गोंड्यात इतकी नेटकी गाठोडी असतील, हे कधी मनात आलं नव्हतं.

शेतकऱ्यांसाठी केलेल्या स्लाइड हा या कामातला मला सर्वांत प्रिय भाग. ज्वारीच्या काणीची पुडी फोडली की नुसती काळी धूळ. पण थेंबात सोडल्यावर लाखो गोल बीजाणू, आणि पेरणीआधी बियाण्याला गंधक का चोळायचं हे भाषणाशिवाय कळतं. द्राक्षाच्या पानावरची भुरी सेलोटेपला चिकटवून काचेवर ठेवली की मोत्यांच्या माळांसारखे बीजाणू दिसतात.

एका वर्षी एक शेतकरी दारात आला. म्हणाला, “गुरुजी, तूर नुसतीच हिरवीगार हाय, फूलच धरंना.” हा वांझ रोग. त्याचा विषाणू हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत २०००च्या सुमारास ओळखला गेला. तो पसरवते एक कोळी कीड, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. तुरीचे कोवळे शेंडे पाण्यात खळबळून घेतले, गाळ बसू दिला, तळाचा थेंब पट्टीवर घेतला. चार पायांचा, अळीसारखा लांबट जीव हळू सरकत होता. शेतकरी कितीतरी वेळ डोळा लावून बसला आणि मग म्हणाला, “ह्याला खत घालून काय उपेग?” त्यानं तीन वर्षं खतावर पैसे घातले होते. रोगट झाडं उपटायला तो त्याच संध्याकाळी गेला.

आमच्या जिल्ह्याचा भूतकाळही मायक्रोस्कोपखाली गेला आहे. तेरच्या उत्खननात मिळालेल्या जुन्या वनस्पती-अवशेषांचा विष्णू-मित्रे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७१ साली छापून आला. जळलेला दाणा आणि कोळसा झालेलं लाकूड पेशींची ठेवण जपून ठेवतात, त्यावरून तेरच्या, म्हणजे प्राचीन तगरच्या, लोकांची शेती कळते. तेरचं संग्रहालय पाहायला जाणारे मणी आणि मूर्ती बघून परततात. तिथे पोरांना न्यावं आणि त्याच दिवशी चुलीतल्या कोळशाचा तुकडा मोडून भिंगाखाली दाखवावा, एवढी माझी शिक्षकांना विनंती आहे.

आजचं चित्र मात्र जिवाला लागतं. पन्नासएक वर्षांपूर्वी तालुक्याच्या शाळेत मायक्रोस्कोप एकच असे, पण तो झिजलेला असे. आता पेट्या चार आणि चारही कोऱ्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत कांद्याच्या सालीचं चित्र पुस्तकावरून उतरतं. कांदा कोणी सोलत नाही. तयार स्लाइडचे डबे विकत येतात. ते वाईट नाहीत, पण त्यात आपल्या रानातलं काहीच नसतं. मी जिथे नोकरी केली त्या एका शाळेत निवृत्त होताना चारशेच्या वर स्लाइड ठेवून आलो होतो. प्रत्येकीवर गाव, पीक, तारीख. पुढे इमारतीची डागडुजी झाली तेव्हा त्या डब्यासकट फेकल्या गेल्या. मला कळायला दोन वर्षं लागली. जिल्ह्याच्या वीस वर्षांच्या हवेची ती नोंद होती. ती पुन्हा करता येत नाही.

कागदी फोल्डस्कोपला खेळणं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांच्याशी मी कडाडून भांडतो. मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेला हा घडीचा मायक्रोस्कोप २०१४ साली जगापुढे आला. सुमारे १४० पटींनी दाखवतो आणि खिशात मावतो. लेवेनहुकचंही एकच भिंग होतं. फोल्डस्कोप हातात असलेल्या पोरांना मी एवढंच सांगतो, की मोबाइलवर फोटो काढण्याआधी पट्टी नीट करा. चांगल्या पट्टीवर कागदी भिंगातूनही कर्व्ह्युलेरियाची होडी ओळखू येते. मी स्वतः पाहिली आहे, १९७३च्याच स्लाइडवर. तेवढी एक घरी राहिली होती म्हणून वाचली. कॉटन ब्लू फिकट झाला आहे, होड्या तशाच आहेत, आणि लेबलावर आण्णांच्या रानाचं नाव आहे.

 दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरटी एक काचपट्टी गच्चीवर ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर फटाक्यांच्या काजळीचे काळे ठिपके येतील, गाजर गवताचे काटेरी चेंडू येतील, शेजारच्या खळ्यावरून उडालेला आल्टर्नेरिया येईल. प्रत्येकाची मोजदाद करून वहीत लिहावी, पट्टी सांभाळून ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच रात्री, त्याच जागी दुसरी ठेवावी. मी माझ्या पट्टीचं लेबल लिहून ठेवलं आहे: धाराशिव, घराची गच्ची, आश्विन अमावास्या, सायंकाळी सहा.