‘आवळणे’ आणि ‘दाब देणे’

सुजलेल्या पायाला लवचिक पट्टी बांधण्याविषयी बोलताना आपण सहज ‘आवळणे’ हे क्रियापद योजतो. उपचाराच्या तत्त्वाशी मात्र ते जुळत नाही. मोळी आवळताना ताण एका जागी एकवटतो. येथे अभिप्रेत आहे तो घोट्यापाशी सर्वाधिक आणि गुडघ्याकडे क्रमाने घटत जाणारा दाब.

सूज म्हणजे केशवाहिन्यांतून पाझरून ऊतींत साचलेला द्रव. बाहेरील दाबाने हा पाझर कमी होतो. शिवाय चालताना आकुंचन पावणाऱ्या पोटरीच्या स्नायूंना पट्टीचा आधार मिळून नीला व लसीकावाहिन्यांतील प्रवाह वर ढकलला जातो. म्हणूनच पुनर्वसनात पट्टीला व्यायामाची जोड देतात.

फ्रेंच गणितज्ञ लाप्लास (१७४९–१८२७) याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, ताण समान असता त्रिज्या जितकी लहान तितका दाब अधिक. घोटा पोटरीहून बारीक असल्याने समान ताणाने गुंडाळलेली पट्टी हा उतार आपोआप साधते. ‘आवळून बांधा’ ही सूचना अक्षरशः पाळून वरची कड घट्ट केल्यास मात्र द्रवाची वाट अडते व सूज उलट वाढते.

रोहिण्यांचा रक्तपुरवठा क्षीण असल्यास धोका याहून मोठा. म्हणून आधी घोट्याच्या रक्तदाबाचे दंडाच्या रक्तदाबाशी गुणोत्तर पाहतात, ते ०.५ हून कमी असल्यास सामान्यतः हा उपचार वर्ज्य मानतात.

सारांश, ‘आवळा’ याऐवजी ‘पावलापासून वर, समान ताणाने गुंडाळा’ असे सांगणे हा केवळ शब्दशुद्धीचा आग्रह नव्हे. तो उपचाराचाच भाग होय.