लाट काठाला येते, पाणी येत नाही

उजनीच्या फुगवट्यात जलपर्णी पसरली किंवा सोलापूरच्या तलावांत निर्माल्य तरंगायला लागलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं: राहू द्या, लाटा आणून टाकतील काठाला. याचंच कोकणातलं रूप म्हणजे ‘समुद्र पोटात काही ठेवून घेत नाही’. शिकलेली माणसंही हे इतक्या ठामपणे सांगतात की पाण्यात पिशवी भिरकावणाऱ्याचा हात कचरत नाही. म्हणून हा समज निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. लाट काठाकडे धावते हे खरं. तिच्याबरोबर पाणीही तितकंच धावतं, हे साफ चूक.

मंगळवेढ्याच्या शिवारात उभ्या ज्वारीवरून वारं गेलं, की या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट सरकते. जागा मात्र एकही ताट सोडत नाही. खोल पाण्यातही पुढे जातो तो आकार आणि ऊर्जा. तरंगणाऱ्या नारळाकडे नीट पाहावं. लाटेचा माथा आला की तो उचलला जातो आणि थोडा पुढे जातो, खळगा आला की खाली बसून मागे येतो. हा फेरा जवळजवळ बंद होतो, पण पूर्ण नाही. पाण्याची हालचाल पृष्ठभागाशी जास्त असते आणि खाली झपाट्यानं घटते. शिवाय माथ्यावर असताना नारळ लाटेच्याच दिशेनं जात असल्यानं तिच्या सोबतीत क्षणभर जास्त राहतो. म्हणून दर फेऱ्यामागे किंचित पुढची चाल शिल्लक उरते. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८४७ मध्ये तिचं गणित मांडलं. ते उजनीला लावून पाहू. ३० सेंटिमीटर उंचीची, दर २ सेकंदांनी येणारी लाट ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगानं धावते. त्याच लाटेमुळे पृष्ठभागावरचं पाणी सेकंदाला जेमतेम ७ सेंटिमीटर, म्हणजे तासाला अडीचशे मीटरच्या आसपास सरकतं. दीड मीटर खाली तर या चालीचा विसावा हिस्साही उरत नाही. भिजून बुडालेलं निर्माल्य, मूर्तीचं प्लास्टर, मातीनं भरलेली पिशवी यांना लाट काठाला आणणारच नाही. ते तळाच्या गाळात जातं.

यावर हरकत घेतली जाते, ती रास्त आहे: मग जलपर्णी काठाला लागलेली दिसते ती कशी? वाऱ्यामुळे. वारा पृष्ठभागाचं पाणी ओढतो. लाटांची चाल धरूनही या पाण्याचा वेग साधारणपणे वाऱ्याच्या दोन-तीन टक्के भरतो. जलपर्णीचे देठ हवेनं फुगलेले आणि पानं पाण्याबाहेर ताठ उभी, म्हणजे प्रत्येक रोपाला शीड लावलेलं. वारा थेट त्या पानांना ढकलतो. पावसाळ्यातल्या पश्चिमेकडच्या वाऱ्यानं एका काठाला दाटलेला थर हिवाळ्यात वारं पूर्वेकडून वाहू लागलं की सुटून पलीकडे जाऊ शकतो. तेव्हा ‘काठाला लागली’ म्हणजे ‘गेली’ असं नाही. अनुकूल हवेत ही वनस्पती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येत असल्यानं तिला खाद्याची ददात नाही. वाट पाहण्यात आपण फक्त तिला वेळ देतो. थर वाऱ्यानं एका बाजूला दाबला गेला असेल त्याच दिवसांत तिथे यंत्रं आणि माणसं लावली पाहिजेत.

दुसरी हरकत मुंबईची: पावसाळी उधाणात मरीन ड्राइव्हवर कचऱ्याचे ढीग येतात, ते कोण आणतं? इथे मात्र लाटच, कारण ती किनाऱ्याशी फुटते. उथळ पाण्यात फेरा मोडतो, माथा पुढे कोसळतो आणि पाणी खरोखर पुढे फेकलं जातं. पण आलेलं पाणी परत जाणारच. ते तळाकडून किंवा एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं मागे ओढलं जातं. समुद्र परत करतो तो जवळचा, तरंगणारा आणि वाऱ्याच्या वाटेत सापडलेला कचरा. बाकीचा दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

पाणी पुढे जात नाही म्हणजे लाट दुबळी, असाही अर्थ काढू नये. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट उजनीच्या पात्रात वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. लाट पाणी नेत नसली तरी ऊर्जा नेते, आणि होडी उलथवायला ती पुरते.

उरलेले समज थोडक्यात. मोठी लाट जास्त वाहून नेते: नेहमी नाही, दर ८ सेकंदांनी येणारी २ मीटरची लांबलचक समुद्री लाट पृष्ठभागावरचं पाणी सेकंदाला ५ सेंटिमीटरच सरकवते, उजनीतल्या त्या आखूड, उभ्या लाटेपेक्षा कमी. वारा नाही तर लाट नाही: दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लाटा केरळच्या शांत किनाऱ्यावर येऊन घरांत पाणी घालतात, तिथे त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. बुडालेला देह लाटा वर आणतात: नाही, कुजताना तयार झालेले वायू आणतात. आणि सुट्टीत कोकणात जाणाऱ्या सोलापूरकरांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: मागे ओढणारा प्रवाह माणसाला तळाला नेत नाही, आत नेतो. त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे झुंजण्यात दम संपतो. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर सरकायचं; तो पट्टा सहसा अरुंदच असतो.