सक्ती हवी, पण आधी शासनावर

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, ‘मॅडम, आपल्या शाळेत कोडिंग कधी सुरू करणार?’ विचारणाऱ्यांत डेअरीला दूध घालणारे शेतकरी असतात, एसटीतले कंडक्टर असतात, साखर कारखान्यातले कामगार असतात. मोबाइलवरच्या जाहिराती पाहून त्यांनी धास्ती घेतलेली असते, की शहरातली पोरं पुढे निघून जाणार आणि आपलं पोर मागे राहणार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि कॉम्प्युटरचे तासही माझ्याकडेच आहेत. माझं मत स्पष्ट आहे. आठवी-नववीतल्या प्रत्येक मुलामुलीला प्रोग्रॅमिंग शिकवलंच पाहिजे. पण ते नोकरीच्या आमिषाने नको, आणि शाळांची तयारी नसताना तर मुळीच नको.

शंभर आणि एकशे एक

आठवीच्या मुलांना मी पायथॉनमध्ये वीजबिलाचा हिशेब लिहायला देते. महावितरणचं बिल सगळ्यांच्या घरी येतं. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा, हे बिलामागे छापलेलंच असतं. आकडे सोपे जावेत म्हणून दर आम्ही वर्गातच ठरवतो : पहिल्या १०० युनिटला ५ रुपये, त्यापुढे ३०० पर्यंत १० रुपये. बहुतेक मुलं पहिल्या झटक्यात लिहितात, युनिट १०० पेक्षा जास्त असतील तर युनिट गुणिले १०. प्रोग्रॅम चालतो. एरर येत नाही, स्क्रीनवर आकडा उमटतो आणि हात वर होतात, ‘मॅडम, झालं!’

मग मी सांगते, आधी १०० टाका, नंतर १०१ टाका. पहिलं बिल येतं ५०० रुपये आणि दुसरं १०१०. एका युनिटने बिल दुपटीवर गेलं! वर्गात गलका होतो. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘एवढं बिल आलं असतं तर पप्पा ऑफिसात जाऊन भांडले असते.’ मग तिनेच वही ओढली. पहिल्या शंभराचे ५०० बाजूला काढले, उरलेल्या एका युनिटचे १० मिळवले, उत्तर आलं ५१०. तशी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये केली आणि मी न सांगता ९९, १००, १०१, ३००, ३०१ असे आकडे टाकून बघितले. चूक असलीच तर ती टप्पा बदलतो तिथे असणार, हे तिला कळलं होतं.

या एका तासात मुलं जे शिकली, ते फळ्यावर सांगून शिकवता येत नाही. मोठं काम छोट्या पायऱ्यांत मांडायचं, प्रत्येक पायरी नेमकी सांगायची, ‘चाललं’ आणि ‘बरोबर आलं’ यांतला फरक ओळखायचा आणि स्वतःची चूक स्वतः शोधायची. ‘लोगो’ ही मुलांसाठीची भाषा १९६७ मध्ये तयार झाली. ती करणाऱ्यांपैकी एक, गणितज्ञ सीमोर पेपर्ट, यांचा सगळा भर यावरच होता. प्रोग्रॅम लिहिणारं मूल ‘बरोबर की चूक’ एवढ्यावर थांबत नाही, ‘हे दुरुस्त कसं होईल’ असं विचारू लागतं, असं ते मांडत. आमच्या परीक्षांनी मुलांना लाल शाईची भीती घातली आहे. कॉम्प्युटरच्या तासाला मात्र तीच मुलं पाच वेळा चुकतात आणि सहाव्यांदा आनंदाने करून बघतात. गणिताची शिक्षिका म्हणून मला याचं फार मोल वाटतं.

ऐच्छिक का नको?

ज्याला आवड असेल तो शिकेल, सगळ्यांवर कशाला लादायचं, असं काही सहकारी म्हणतात. पण आवड कळायला आधी ओळख तरी व्हायला हवी. कोडिंगचे खासगी क्लास ज्यांना परवडतात त्यांची ओळख होतेच, राहतात ती आमची मुलं. आणि विषय ऐच्छिक ठेवला की मुली गळतात. इंग्लंडमधल्या शालान्त परीक्षेला, म्हणजे जीसीएसईला, कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत दर पाच जणांमागे जेमतेम एक मुलगी होती, असं तिथल्या रॉयल सोसायटीने २०१७ मध्ये नोंदवलं. आमच्या लॅबमध्ये अख्खा वर्ग येतो म्हणून निम्म्या खुर्च्यांवर मुली असतात.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. डेअरीवर दूध घातलं की मशीन फॅट आणि एसएनएफ मोजतं आणि दर छापलेली पावती बाहेर येते. अकरावीच्या प्रवेशाची यादी कॉम्प्युटर लावतो. कर्ज द्यायचं की नाही, हेही आता पुष्कळदा प्रोग्रॅमच ठरवतो. ‘मशीनने दिलं’ म्हटलं की आपली माणसं गप्प बसतात. ज्याने शाळेत एकदा तरी चुकीचं वीजबिल काढणारा प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याला माहीत असतं की मशीनच्या आत कुणीतरी लिहिलेले नियम असतात आणि ते चुकू शकतात. तो नियम विचारेल, पावती पडताळेल. पुढे तो शेती करो की दवाखाना चालवो, ही जाण त्याला लागणारच.

‘आता एआय कोड लिहून देतं, मग मुलांनी कशाला शिकायचं?’ हाही प्रश्न येतो. एआयला सांगितलं तर ते वीजबिलाचा प्रोग्रॅम क्षणात लिहून देईल. पण १०१ टाकून बघायचं, हे सुचायला माणूस तयार असावा लागतो. आयतं उत्तर जितकं सहज मिळेल, तितकी ते तपासणाऱ्याची जबाबदारी वाढते. म्हणून एआयमुळे हा विषय बाद होत नाही, त्याचा रोख बदलतो. सेमिकोलन कुठे द्यायचा याला कमी वेळ द्यावा, हिशेब नीट मांडण्याला आणि तपासण्याला जास्त.

सक्ती करून बसलेल्यांचा अनुभव

इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाच ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी कॉम्प्युटिंग अभ्यासक्रमात आणलं. २०१६ मध्ये ब्रिटनभरातल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना ‘मायक्रोबिट’ हे तळहातावर मावणारं छोटं यंत्र फुकट वाटलं गेलं. हौस होती, पैसा होता. तरी रॉयल सोसायटीच्या २०१७ च्या त्याच अहवालात दिसलं की निम्म्याहून जास्त शाळांत जीसीएसईला कॉम्प्युटर सायन्स शिकवलंच जात नव्हतं. कारण साधं होतं, शिक्षक नव्हते. नवे शिक्षक घेण्याचं उद्दिष्ट जेमतेम ६८ टक्के पुरं झालं होतं. मग २०१८ मध्ये सरकारने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र उभारलं आणि त्यासाठी ८.४ कोटी पौंडांपर्यंतची तरतूद केली. जे आधी करायचं ते नंतर केलं.

आपल्याकडेही हे नवं नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर दिले होते. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना कीबोर्डवर बसवलं. हे काम मोठं होतं, पण त्यात शिकायचं होतं ते तयार सॉफ्टवेअर वापरायला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं म्हटलं. शेजारच्या गोव्याने २०२१ मध्ये ‘केअर्स’ नावाची योजना काढून याच इयत्तांना कोडिंग आणि रोबोटिक्स द्यायला सुरुवात केली. पण शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यूडायस अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच चालू कॉम्प्युटर होते. उरलेल्या शाळांवर सक्ती कशाच्या जोरावर करणार?

बारावीला बायफोकलमध्ये कॉम्प्युटर सायन्स घेतलेली आमची जुनी मुलं भेटली की सांगतात, सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम डायजेस्टमधून पाठ केले, पेपरात उतरवले आणि गुण मिळवले. प्रोग्रॅम चालवून न बघता पाठ करणं म्हणजे विषयाचा जीवच काढून घेणं. दहावीला उद्या प्रोग्रॅमिंगचा लेखी पेपर आला, तर पहिल्याच वर्षी त्याचंही गाइड बाजारात येईल.

मग कसं करावं?

आठवी आणि नववीला आठवड्यातून दोन तास, जोडून. सुटा तास लॅब उघडून मुलं बसेपर्यंतच संपतो. दहावीला सक्ती नको, आवड लागलेल्यांनी पुढे घ्यावं. बोर्डाचा लेखी पेपर नको. मुलाने वर्षभरात केलेले चार-पाच प्रोग्रॅम त्याच्यासमोर बसून बघावेत, एखादा आकडा बदलायला सांगावा, त्यावर श्रेणी द्यावी.

शिकवणं मराठीत व्हावं. आमची मुलं विचारात अडत नाहीत, इंग्रजीतल्या एररच्या ओळीपाशी अडतात. नेहमीच्या एरर आणि त्यांचे मराठी अर्थ मी लॅबच्या भिंतीवर लावले आहेत, मुलं आधी तिकडे बघतात आणि मग मला हाक मारतात. वीज नसेल त्या दिवशी तास रद्द करायचीही गरज नाही. १ ते १०० मधला मनात धरलेला आकडा फक्त हो-नाही विचारून सात प्रश्नांत ओळखा, असं सांगितलं की मुलं दर वेळी उरलेले आकडे निम्मे करायला शिकतात. एसीएम इंडिया या कॉम्प्युटरतज्ज्ञांच्या संस्थेचा ‘सीएसपाठशाळा’ हा उपक्रम २०१६ पासून अशाच, कॉम्प्युटरविना करता येणाऱ्या कृती शाळांपर्यंत पोचवतो आहे. लहान शाळांना सुरुवातीसाठी तो मोठा आधार आहे.

आणि सगळ्यात आधी शिक्षक. कंत्राटी निदेशक यायचे, योजनेची मुदत संपली की जायचे आणि लॅबला कुलूप लागायचं, हे अनेक शाळांनी भोगलं आहे. संचमान्यतेत, म्हणजे शासन शाळेला मंजूर करतं त्या पदांत, कॉम्प्युटर शिक्षकाचं कायम पद हवं, तोवर गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना किमान महिनाभराचं हातात कीबोर्ड देऊन केलेलं प्रशिक्षण हवं. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला पैसे हवेत.

आपण बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये केला. त्यातली सक्ती शासनावर आहे : शाळा द्या, शिक्षक द्या, मुलाला वर्गात आणा. प्रोग्रॅमिंगची सक्ती याच अर्थाने व्हावी. ज्या वर्षी शासन प्रत्येक हायस्कूलला एक शिक्षक आणि चालू लॅब देईल, त्याच वर्षी विषय सक्तीचा करावा, एक दिवसही उशीर नको. ते होईपर्यंत पालकांनी क्लासच्या जाहिरातींना बळी पडू नये. शाळा समितीच्या बैठकीत उभं राहून विचारावं, आमच्या मुलांचा शिक्षक कुठे आहे?