द्राक्षं सांगलीची, वाइन पार्कही सांगलीत, तरी लोक पितात देशीच. असं का?

सांगली म्हटलं की हळद, भडंग आणि द्राक्षं. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, कुठंही जा, रस्त्याच्या कडेला द्राक्षबागा दिसणारच. शेजारच्या साताऱ्यात फलटण, खटावकडेही बागा आहेत. मग जर्मनीची जशी बिअर, तशी या भागाची वाइन का झाली नाही?

प्रयत्न झाला होता. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. दोन वाइन पार्क ठरले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरं सांगली जिल्ह्यात पलूसला. नाशिकचं नाव झालं, पलूस मागे पडलं.

पहिलं कारण द्राक्षातच आहे. सांगलीत पिकतात ती खायची द्राक्षं. मोठे मणी, पातळ साल, बी नाही. प्रसिद्ध तास-ए-गणेश ही जात तर तासगाव तालुक्यातल्या बोरगावचीच. वाइनला लागतात शिराझ, कॅबरने सोव्हिन्यो, शेनिन ब्लांक अशा जाती. लहान मणी, आत बिया. बाजारात ही द्राक्षं खायला कुणी घेत नाही, म्हणजे वायनरीने पाठ फिरवली की शेतकरी अडकला. २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांनी खरेदी कमी केली आणि राज्यात अनेकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या.

खायच्या द्राक्षाला मात्र दुसरी वाट आहे. भाव पडला तर बेदाणा करायचा, कोल्ड स्टोरेजला ठेवायचा आणि दर आला की विकायचा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

दुसरं कारण ऊस. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत १ टन ऊस गाळला की साधारण ४० किलो मळी निघते आणि त्यातून सुमारे १० लिटर अल्कोहोल. काही अल्कोहोल औषधं, रसायनांना जातं, आता बरंच पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. पण देशी दारूही याच मळीवर उभी राहिली. कच्चा माल दारात, त्यामुळे माल स्वस्त. बिअरचं तसं नाही. तिला बार्ली लागते, ती येते राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशातून.

आता बाटलीतलं गणित बघा. स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल जास्तीत जास्त ८ टक्के, वाइनमध्ये साधारण १२, देशीत ४२.८ टक्के. म्हणजे ६५० मिलीच्या बिअरमध्ये ५२ मिली शुद्ध अल्कोहोल आणि देशीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली. ज्याला कमी पैशात नशा हवी, तो काय घेणार हे उघड आहे.

हे फक्त इथलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, भारतातल्या नोंद झालेल्या विक्रीत ९० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल कडक दारूतून जातं. जर्मनीत निम्म्याहून जास्त बिअरमधून.

म्हणूनच २०२२ चा वाद आठवून बघा. २७ जानेवारीला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. कारण सांगितलं, शेतकऱ्याचा फायदा. आठवडाभरातच साताऱ्यात बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखाली वारकऱ्यांचं आंदोलन झालं. राळेगणहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेवटी निर्णय अंमलात आलाच नाही.

पण तो अंमलात आला असता, तरी तासगावच्या खायच्या द्राक्षाचा दर त्याने थेट वाढला नसता. फायदा झाला असता तो आधी वाइनची जात लावणाऱ्याला. आणि तो बारगळला, तरी मजुरीचे पैसे क्वार्टरवर घालवणाऱ्याच्या घरात काहीच बदललं नाही. ते दुकान तेव्हाही उघडं होतं.